पाण्याचे मोल जाणणारे वसंतराव

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग डोंगराळ आहे. पावसाळ्यात तेथील नदीनाले दुथडी भरून वाहतात. परंतु वैशाखाचे ऊन तापू लागले की ओढे आटतात आणि विहिरी तळ गाठतात. याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा शेतकरी कुटुंबात वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. पाण्यावाचून शेतकऱ्याची होणारी दैना त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिली.

वडील फुलसिंग नाईक यांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास घेतला होता. शाळेसाठी वसंतरावांना निरनिराळ्या गावी राहावे लागले. त्या कष्टांना न कंटाळता ते अमरावतीस व पुढे नागपुरास शिकले आणि १९४० साली वकील झाले. अमरावतीस त्यांना डॉ. पंजाबराव देशमुख यांचा सहवास लाभला. नंतर पुसद येथे वकिली करताना अडल्यानडल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी त्यांच्या कानी पडत. १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ साली विधानसभेवर निवडून आले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. ही धुरा त्यांनी अकरा वर्षांहून अधिक काळ वाहिली.

अधिकार हाती आला तरी त्यांचे मन शेतातच रमे. संकरित ज्वारीसारखी नवी बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावीत, म्हणून ते झटले. त्यांच्याच कारकिर्दीत राज्यात चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. पण बियाणे कितीही उत्तम असले, तरी पाण्यावाचून ते रुजणार कसे? म्हणून धरणे, तलाव आणि विहिरी यांवर त्यांनी भर दिला. पुसदजवळ पूस नदीवरील धरण १९७१ साली पुरे झाले आणि डोंगरांच्या कुशीत एक खोल जलाशय निर्माण झाला.

लवकरच त्यांच्या कसोटीचा काळ आला. १९७२ साली पावसाने दगा दिला. त्याआधीच्या वर्षांतही तो पुरेसा झाला नव्हता. पिके करपली, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली, माणसे गाव सोडून निघाली. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर राबत होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना वसंतरावांच्या सरकारने उचलून धरली. भुकेल्या हातांना काम मिळाले आणि त्याच हातांनी पाझर तलाव खोदले, शेतांना बांध घातले, विहिरी खणल्या.

पाझर तलावाचे महत्त्व आज अधिकच पटते. खोल जलाशयातील पाण्याचे उन्हाळ्यात जणू दोन थर होतात. वरचे पाणी उन्हाने तापते व हलके होऊन वरच राहते. तळाचे पाणी थंड आणि जड असते. खोल विहिरीत पोहणाऱ्याचे खांदे कोमट पाण्यात असतात, पण पाय गारठतात, ते यामुळेच. हिवाळ्यात वरचे पाणी निवते, जड होऊन खाली जाते आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळतात. त्या वेळी हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो.

आता पृथ्वीचे हवामान तापत चालले आहे. १९८५ ते २००९ या काळात जगातील अनेक सरोवरांचे पाहिलेले तापमान असे सांगते, की त्यांचे वरचे पाणी उन्हाळ्यात दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंश सेल्सिअसने तापत गेले. वाढ लहान दिसते, पण तिचे परिणाम मोठे आहेत. वरचा थर अधिक काळ तापून राहिला, तर तळाला प्राणवायू कमी पडतो, मासे गुदमरतात आणि शेवाळ माजते. शिवाय पाण्याची वाफही अधिक होते. उथळ तळे तर तळापर्यंत तापते आणि लवकर आटते. परंतु पाझर तलावातून जमिनीत मुरलेल्या पाण्यापर्यंत ऊन पोहोचत नाही. ते विहिरींना पाझर फोडते.

हवामानबदल हा शब्द वसंतरावांच्या काळी लोकांच्या ओठी नव्हता. दुष्काळाशी झुंजताना जी कामे झाली, ती मात्र या नव्या संकटातही वाट दाखवीत आहेत. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस येतो ऐन पावसाच्या तोंडावर. आभाळातून पडणारा थेंब शिवारातच अडवावा आणि भूमातेच्या पोटात जपून ठेवावा, याहून त्यांचे उचित स्मरण दुसरे कोणते असणार?