शाळेत लेकरं येईनात, म्हणून शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात घरात मराठी बोलतात आणि सरकारी फलकावर हिंदी लिहितात. त्या फलकांवरचा एक शब्द मात्र दोन्हीकडचा आहे, अंगणवाडी. हिंदीत त्याचं आंगनवाड़ी होतं, एवढाच काय तो फरक. रोज तोंडात असलेल्या या शब्दामागे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात १९४५ नंतर झालेला एक प्रयोग आहे, आणि तो करणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक. बोर्डी इथून लांब असलं, तरी ताराबाईंच्या आयुष्यातली काही महत्त्वाची वर्षं आपल्या शेजारच्या अमरावतीत गेली. हे इकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई, दोघंही प्रार्थना समाजाच्या कामात मनापासून असलेले. मुलीला शिकवायचं की नाही हा प्रश्न त्या घरात नव्हता. १९१४ साली ताराबाई बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे लोकांनी वळून बघावं अशी गोष्ट. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं आणि त्या वऱ्हाडात आल्या.

तेव्हा अमरावती आणि छिंदवाडा एकाच प्रांतात होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. आज रामाकोन्याहून अमरावतीला जायचं तर राज्याची सीमा ओलांडावी लागते. ती सीमा तिथे नव्हतीच. राज्यं पुन्हा आखली गेली ती १९५६ साली. अमरावतीत ताराबाईंना मुलगी झाली, प्रभा. पण संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. हातात पदवी, सोबत चालायला-बोलायला लागलेलं लेकरू, आणि शंभर वर्षांपूर्वीचा समाज. यावर फार लिहायची गरज नाही, वाचणाऱ्याला समजेल.

त्या राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पगार होता, मान होता, राहायला जागा होती. आणि हे सगळं सोडून १९२३ साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे कामाला लागल्या. गिजुभाई मूळचे वकील. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवायचं या विचारात त्यांच्या हाती इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पुस्तकं पडली आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं. दोघांनाही या कामात आणलं ते स्वतःच्या घरातल्या लेकरानं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

माँटेसरी यांचं म्हणणं काय होतं, हे इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण ताराबाईंचं पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. माँटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर उघडलं. लेकरांना बघत बघत त्या या मतावर आल्या की मूल हातांनी विचार करतं. आपल्याला जी मस्ती वाटते, डब्याचं झाकण शंभर वेळा काढायचं आणि लावायचं, वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत ओतायचं, हातातली वस्तू खाली टाकून ती कुठे गेली ते बघायचं, तो त्याचा अभ्यास असतो. हात आणि मेंदू एकमेकांना शिकवत असतात. म्हणून अक्षर आधी बोटानं गिरवायचं, लिहायचं नंतर. आणि बोट गिरवण्याजोगं व्हायला त्याआधी कितीतरी महिने मातीत, पाण्यात, दाण्यांत खेळलेलं असायला हवं.

आपल्या आज्यांना यातलं बरंच माहीत होतं, फक्त त्याला शास्त्र म्हणत नव्हते. लेकरू मान धरू लागलं, पालथं पडू लागलं, रांगू लागलं, धरून उभं राहू लागलं, या प्रत्येक टप्प्याला मराठीत शब्द आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या बाळांवर नजर ठेवून २००६ साली या टप्प्यांची वयं प्रसिद्ध केली. आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यात, एकट्यानं चालणं आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत कधीही. शंभरातली चार-पाच बाळं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, आणि तरी चालतात. म्हणजे शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्या पोराची काळजी करायचं कारण नाही. मात्र दीड वर्ष उलटलं तरी चालत नाही, किंवा आधी जमत असलेली गोष्ट आता जमेनाशी झाली, तर डॉक्टरकडे जायलाच हवं.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुना लाकडी पांगुळगाडा आणि बाजारातला प्लास्टिकचा वॉकर या एकच वस्तू नव्हेत. पांगुळगाडा धरायला लेकराला आधी स्वतःच्या बळावर उठावं लागतं, मग तो ढकलत पाऊल टाकावं लागतं. वॉकरमध्ये ते लोंबकळत बसतं, पायाच्या चवड्यांनी ढकलत सुटतं, आणि पायऱ्यांवरून पडतं. कॅनडानं २००४ साली असे वॉकर विकायलाच बंदी केली. आपल्याकडे ते अजून वाढदिवसाला भेट म्हणून येतात.

असो. भावनगरात ताराबाई नऊ-दहा वर्षं राहिल्या. गिजुभाईंबरोबर त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, शिक्षणपत्रिका चालवली, आधी गुजरातीत आणि मग मराठीत. त्या दोघांनी माँटेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसरी यांना राजा-राणी आणि राक्षसांच्या गोष्टी लहान मुलांसाठी फारशा पसंत नव्हत्या. इथे मात्र गोष्ट, गाणं, नाच, नाटक सगळं आलं, कारण इथलं लेकरू त्यातच वाढत होतं. मुंबईला परतल्यावर ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. सोबतच बालशिक्षिका तयार करण्याचं कामही चालू झालं. मध्यमवर्गीय मुंबईनं ते उचलून धरलं. १९३९ साली माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबून १९४६ पर्यंत त्या इथे होत्या. बालशिक्षणाचं नाव शहरांत होऊ लागलं.

इथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचं नाव राहिलं असतं. पण एक अडचण त्यांना दिसत होती. माँटेसरीची साधनं महाग. लाकडी दट्ट्ये, रंगीत ठोकळे, घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्या. ही पद्धत सुरू झाली गरीब वस्तीत आणि होत चालली फी भरणाऱ्यांची. खेड्यातल्या लेकराचं काय, हा प्रश्न उरलाच. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरचं बस्तान सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान, बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या. ही जोडी पुढे शेवटपर्यंत तुटली नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि गावच्या वस्त्यांतली पोरं आलीच नाहीत. आई-बाप पहाटे कामाला जात, लेकराला अंघोळ घालून, केस विंचरून शाळेत सोडायला घरी कुणी नसे. जातीची भिंत होती, ती वेगळीच. अशा वेळी बहुतेक संस्था पालक अडाणी आहेत असा शेरा मारून मोकळ्या होतात. ताराबाईंनी उलटं केलं. शिक्षिका वस्तीवर गेली, एखाद्या घरापुढचं अंगण झाडलं, तिथेच लेकरांची हातपाय-तोंडं धुतली, केस विंचरले आणि तिथेच गाणी-खेळ सुरू केले. दाराआडून बघणाऱ्या बाया हळूहळू ओट्यावर येऊन बसल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. साधनं म्हणाल तर चिंचोके, शिंपले, खडे, पानं, काटक्या, माती. लहान-मोठे खडे वेगळे करताना डोळा आणि बोट तयार होतं, चिंचोके मोजताना आकडा कळतो, आणि यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

१९५७ च्या सुमारास काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, डहाणू तालुक्यात, वारली पाड्यांच्या मधोमध. इथे प्रश्न आणखी अवघड झाला. सात-आठ वर्षांची पोरं गुरं राखायला जात. मग कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच शिकवणारी. मुलींचं दुखणं निराळं. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं असे. आई रानात किंवा शेतात, आणि दिवसभर पोराला वागवायचं काम या पोरीचं. यात दोघांचंही नुकसान. पोरीची शाळा बुडे, आणि कडेवरचं लेकरू दिवसभर कडेवरच राही. ज्या वयात त्यानं जमिनीवर लोळायचं, सरकायचं, हाताला येईल ते धरून बघायचं, त्या वयात त्याला जमीनच मिळत नसे. त्यात पोटात पुरेसं अन्न नाही.

यावर उत्तर निघालं विकासवाडी. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठी बहीण भावंडाला घेऊन येणार, तान्ह्याला पाळणाघरात ठेवणार, मधल्याला बालवाडीत आणि स्वतः वर्गात बसणार. मधल्या सुटीत जाऊन धाकट्याला बघूनही येणार. ऐकायला साधं वाटतं. पण बालशिक्षण, पाळणाघर आणि मुलींची शाळा हे तीन वेगळे प्रश्न नसून एकच आहे, हे टेकडीवरच्या त्या आवारात कळलं. ताराबाईंच्या सगळ्या कामात हा भाग सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत, पण कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या बाईनं आठ महिन्यांचं लेकरू दिवसभर कुठे ठेवायचं, याचं उत्तर अजून बहुतेक गावांत मोठी बहीण किंवा आजी हेच आहे.

भाषेचंही तसंच. पाड्यावरचं लेकरू घरात वारली बोलतं. त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोललं तर ते गप्प होतं, आणि गप्प बसलेल्या लेकराला मंद ठरवायला वेळ लागत नाही. कोसबाडला सुरुवात त्याच्या बोलीपासून, त्याच्या झाडा-पाखरांच्या नावांपासून झाली. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या आई-बापांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तीन वर्षांच्या पोराला घरची भाषा तुटकी वाटावी अशी घाई हल्ली सगळीकडे आहे, मग शाळा हिंदीची असो की इंग्रजीची. बोलायला शिकण्याच्या वयात त्याला लागतं ते त्याच्याशी भरपूर बोलणारं माणूस, आणि ते माणूस आपल्या भाषेतच भरपूर बोलू शकतं.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. काम तेच चालू राहिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. सहा वर्षांपर्यंतची बालकं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, पूरक आहार, लसीकरण, वजन, आणि तीन वर्षांवरच्यांना शाळेआधीचं शिक्षण असं तिचं स्वरूप. योजना पसरत गेली तसं आहार आणि रजिस्टर यांनी बाकीच्याला मागे टाकलं, हेही खरं. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा अशी समजूत झाली, आणि ज्या ताईनं लेकरांबरोबर जमिनीवर बसून चिंचोके मांडायचे तिचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जाऊ लागला.

कोसबाडला ताराबाईंच्या मागे अनुताई राहिल्या. २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांचं निधन झालं. ताराबाई गेल्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी टेकडीवरचं काम सांभाळलं होतं.