वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी परमेश्वराची उपकारस्तुती करीत असता बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचे स्मरण होणे साहजिक आहे. त्या वहीच्या एकेका ओळीत एकेका कुटुंबाच्या श्रद्धेचा इतिहास साठविलेला असतो. केळापूर तालुका म्हणजे जुन्या वऱ्हाडातील, तेलंगणाच्या शिवेलगतचा मुलूख. येथे शेवटी कर असलेली आडनावे आढळतात, तशी शेवटी वार असलेलीही आढळतात. उलट वसई व गोवा येथील आमच्या बांधवांची डिसोझा, परेरा, लोपीस अशी पोर्तुगीज वळणाची कुलनामे असतात. ह्यावरून कधी कधी दोन शंका निघतात. परक्या वळणाचे नाव असलेला मनुष्य ह्या भूमीचा कसा, ही एक; आणि देशी आडनावाचा मनुष्य श्रद्धेत उणा तर नव्हे ना, ही दुसरी. ह्या दोन्ही शंकांना ज्यांच्या चरित्राने उत्तर मिळते, ते वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया होत.

सन १५५७ च्या सुमारास वसई येथे त्यांचा जन्म झाला. वसई त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पिता पोर्तुगीज व माता ह्याच भूमीची कन्या. गार्सिया हे कुलनाम त्यांस पित्याकडून लाभले. पण त्यांचे बालपण गेले ते वसईच्याच मातीत. वसईच्या जेज्वीट धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले व पुढे कोवळ्या वयातच फादर सेबास्तियन गोन्सालविस ह्यांच्यासमवेत ते जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा उत्तम प्रकारे आत्मसात केली. जेज्वीट संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु ती सफळ झाली नाही.

अशा निराशेने एखादा खचून गेला असता. गोन्सालो व्यापारात पडले व त्यात त्यांस यशही आले. तथापि धनाने त्यांच्या अंतःकरणाचे समाधान होईना. अखेर मनिला येथे सर्वस्व सोडून ते फ्रान्सिस्कन संघात शिरले आणि धर्मगुरू न होता साधे ब्रदर म्हणून सेवा करू लागले. सन १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता हे जपानचे सत्ताधीश हिदेयोशी ह्यांच्याकडे वकील म्हणून गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो ह्यांचीच निवड झाली. तरुणपणी शिकलेली भाषा अशा रीतीने प्रभूच्या कार्यास उपयोगी पडली. क्योतो येथे ह्या बंधूंनी मंदिर उभारले व महारोग्यांची शुश्रूषा केली.

सन १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरून हिदेयोशींच्या मनात संशय बळावला व ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली. ह्या वेळची एक हकीगत आमच्या विषयास फार जवळची आहे. बंदिवानांच्या यादीत मथियास नावाचा एक मनुष्य होता. शिपायांनी पुकारा केला तेव्हा तो घरी नव्हता. शेजारी राहणारा, त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती मनुष्य आपण होऊन पुढे आला व बंदिवान झाला. बाप्तिस्म्यात मिळालेले नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची सोय नव्हे, हे त्या सामान्य मनुष्याने जगास दाखविले.

बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली व ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढविले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेज्वीट व सतरा प्रापंचिक होते; काही तर कोवळी मुले होती. जपानी, स्पॅनिश, मेक्सिकोचा एक आणि वसईचा एक, असे नाना देशांचे व नाना नावांचे लोक तेथे एका रांगेत उभे होते. गोन्सालो मोठ्याने आमच्या बापा व नमो मरिया ह्या प्रार्थना म्हणत होते. त्यांचे एक सोबती क्रुसावरूनच परमेश्वराचे आभार मानीत होते. भाल्याच्या घावांनी सर्वांचे प्राण गेले.

सन १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन ह्यांनी त्यांस धन्य व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. ५ फेब्रुवारी हा संत आगाथा हिचा सण असल्यामुळे ह्या रक्तसाक्ष्यांचा सण ६ फेब्रुवारीस पाळला जातो. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या नावाचे मंदिर आहे व वसईतील महाविद्यालयही त्यांचेच नाव धारण करते.

प्रिय बंधुभगिनींनो, परक्या वळणाच्या कुलनामाने गोन्सालो वसईला परके झाले नाहीत, आणि त्या कुलनामाने त्यांस संतपदही मिळाले नाही. नाव पूर्वजांकडून मिळते. त्याला शोभा आणणे आपल्या हाती असते. म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्यातील पहिल्या बाप्तिस्म्याची तिथी नोंदवहीतून शोधावी, ती मुलाबाळांस सांगावी आणि त्या दिवशी उपकारस्तुतीची एक मिस्सा अर्पावी. संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठी विनंती करोत.