राजा दीनदयाळ: १८९२ मधली फोटो प्रायव्हसी

पोर्ट्रेट मोड आपण रोज वापरतो. पण काचेवर पोर्ट्रेट काढणारे लाला दीनदयाळ माहितीयेत का? मी भिवंडीचा, इथून जवळच, मुंबईत, त्यांचा स्टुडिओ होता.

जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्यात. रुरकीला इंजिनिअरिंग शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात लागले. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती आला आणि पुढे नोकरीच सुटली. हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं, ‘राजा’ हा किताबही दिला.

तेव्हा मेमरी कार्ड म्हणजे काचेची प्लेट! तिच्यावर जिलेटिन आणि चांदीच्या क्षाराचा थर असायचा. प्रकाश पडला की त्यात चित्र उमटायचं आणि नंतर रसायनात धुतल्यावर दिसायचं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं १८९२ चं काम. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. आपला चेहरा कोण बघणार याची खात्री असल्यावरच त्या बायका कॅमेऱ्यासमोर बसणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९०५ मध्ये ते गेले. प्रश्न मात्र आजही तोच आहे. माझी मावशी फोटो काढू देत नाही, कारण तो कुठे फॉरवर्ड होईल याची तिला धास्ती असते. तिचं बरोबरच आहे.

म्हणून आधी विचारा, मगच क्लिक करा. आणि ॲपने गॅलरी मागितली, तर ‘निवडक फोटो’ एवढीच परवानगी द्या.