मुंबईचे अनभिषिक्त राजे : सर फिरोजशहा मेहता

बोरीबंदरासमोर, महापालिकेच्या इमारतीपुढे असलेला पुतळा आपल्या बहुतेक ज्ञातिबांधवांनी पाहिला असेल. परंतु तो कोणाचा, असे विचारता तरुण मंडळी निरुत्तर होतात, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे. म्हणून त्या पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

फिरोजशहांचा जन्म १८४५ साली मुंबईत एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते विलायतेस गेले व १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले. १८७१ साली म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीमुळे शहर खवळले होते. दोष एका अधिकाऱ्याचा नसून पद्धतीचा आहे, करदात्यांनी निवडलेले सभासद हाच त्यावर उपाय होय, असे या तरुण वकिलाने भर सभेत प्रतिपादिले. लोकांस ते रुचले नाही. तथापि १८७२ च्या कायद्याने निम्म्या जागा करदात्यांकडे आल्या. पुढे १८८८ चा म्युनिसिपल कायदा घडविण्यात न्यायमूर्ती तेलंगांसह त्यांचाच मोठा हात होता. कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद त्यांनी चार वेळा भूषविले.

गुजरात-काठेवाडात वकिली जोरात चालत असताही त्यांनी सुमारे चार दशके कॉर्पोरेशनचे काम सोडले नाही. कायद्याच्या खाचाखोचा ते जाणत आणि अनुयायांचा मोठा गट त्यांच्या इशाऱ्याने मत देई. हे वर्चस्व मोडण्यासाठी १९०७ साली काही बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी व एका इंग्रजी वृत्तपत्राच्या संपादकाने कट केला. जस्टिसांच्या सोळा जागांसाठी त्यांनी आपले सोळा उमेदवार उभे केले आणि फिरोजशहा सतरावे आले! परंतु निवडून आलेल्यांपैकी एकाचा कॉर्पोरेशनशी कंत्राटी संबंध निघाल्याने त्याची निवड रद्द झाली व ती जागा फिरोजशहांस मिळाली. ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तोच त्या दिवशी त्यांच्या मदतीस आला.

त्यांच्या ठायी दोषही होता. विरोध त्यांस खपत नसे. एका माणसाच्या शब्दावर संस्था चालू लागली की इतरांची विचारशक्ती सुस्तावते, हेही खरे. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या मंडळाच्या निवडणुकीत चुरस पुष्कळ असते. पण निवडून आल्यावर घटना वाचणारे व हिशेब तपासणारे किती निघतात? सत्ता मिळविणे सोपे, वर्षानुवर्षे सभेस हजर राहणे कठीण. फिरोजशहांचे हे दुसरे व्रत आपल्या तरुणांनी घ्यावे, एवढीच आमची विनंती.