श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा : मराठीत योग सांगणारे कादरी बुजुर्ग

शके १५६७, म्हणजे इसवी सन १६४५. निजामशाही संपून नऊ वर्षं झाली होती आणि शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. त्या साली अहमदनगरच्या दक्षिणेला, तेव्हा चांभारगोंदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात एका म्हाताऱ्या मुसलमान बुजुर्गांनी एक मराठी ग्रंथ पुरा केला. ग्रंथाचं नाव ‘योगसंग्राम’. अठरा प्रसंग, सगळे ओवीत. लिहिणाऱ्याचं नाव शेख महंमद. आपल्यातल्या पुष्कळ घरांत हे नाव आजही कुणाला माहीत नसतं, आणि वारकऱ्यांच्या घरात मात्र ते संतांच्या यादीत अदबीने घेतलं जातं. ही गोष्ट मला नेहमी खटकते.

बाबांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वडिलांचं नाव राजे महंमद, आईचं फुलाई. आईच्या नावावरूनच कळतं की घर दख्खनच्या मातीतलं होतं. तेव्हाच्या मुसलमान घरांत दखनी बोलली जायची आणि शेजारी, शेत, बाजार सगळं मराठीत चालायचं. आज हातकणंगल्यात आमच्याकडे जे चालतं तेच. शेख महंमदांनी दोन्ही भाषांत लिहिलं. त्यांच्या हिंदुस्तानी रचनाही आहेत, पण मन लावून, भरभरून लिहिलं ते मराठीत.

त्यांचे पीर होते चांद बोधले. नाव ऐकून गोंधळायला नको. हे कादरी सिलसिल्यातले बुजुर्ग, आणि त्यांची कबर दौलताबादला आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य होते, असं परंपरा मानते. ते खरं धरलं तर पैठणचे एकनाथ आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद एकाच घरातले ठरतात : एक नातू शिष्य, दुसरा थेट मुरीद.

अभ्यासकांनी त्यांच्या घराण्याकडच्या कागदांवरून सिलसिला मांडलाय. त्यात आणखी एक मोठं नाव येतं, हजरत मुहम्मद गौस ग्वालियरी (रह.) यांचं. हे शत्तारी बुजुर्ग. अकबराच्या सुरुवातीच्या काळात त्यांचा इंतिकाल झाला. ‘अमृतकुंड’ नावाचा योगावरचा एक ग्रंथ आधी अरबीत गेला होता. तो त्यांनी ‘बहरुल हयात’ या नावाने फारसीत आणला आणि वाढवला. पुढे शहजादा सलीम, म्हणजे नंतरचा जहांगीर, याच्या काळात त्या ग्रंथाची चित्रांची प्रत तयार झाली. योगी आसनात बसलेत, श्वास साधतायत, अशी ती चित्रं आहेत. योगासनांच्या जुन्यात जुन्या चित्रमालिकांमध्ये ती मोजली जाते. प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. म्हणजे आसनं कागदावर नीट काढून दाखवायच्या कामातही सूफींचा हात होता.

आणि हेही पहिल्यांदा घडत नव्हतं. अल-बिरुनी अकराव्या शतकात संस्कृत शिकला आणि पतंजलीचं योगदर्शन त्याने अरबीत नेलं. त्याच्याही आधी बगदादमध्ये हारून रशीदच्या काळात चरक आणि सुश्रुत पोहोचले होते. नवव्या शतकात अली इब्न रब्बन तबरीने ‘फिरदौसुल हिकमत’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा शेवटचा भाग हिंदी वैद्यकालाच दिला. शेख महंमदांनी हे सगळं वाचलं होतं असा माझा दावा नाही. पण ज्या वाटेवर ते चालले ती तेव्हाच आठशे वर्षं जुनी होती.

आता ‘योगसंग्राम’कडे. नावातच अर्थ आहे : योगाची लढाई. ही लढाई बाहेरच्या कुणाशी नाही. शत्रू आत आहे, तो म्हणजे अहंकार. काम, क्रोध, लोभ ही त्याची फौज. आपल्याकडे मदरशातल्या मुलालाही ‘नफ्स’ हा शब्द माहीत असतो. कुराणात नफ्सच्या तीन अवस्था येतात : वाईटाकडे ओढणारा अम्मारा, स्वतःला दोष देणारा लव्वामा आणि शांत झालेला मुत्मइन्ना. योगशास्त्र मनाबद्दल बोलतं तेव्हा ते याच्या फार जवळ येतं. पतंजली योगाची व्याख्या करतो ती मनाच्या लाटा थांबवण्याची. त्याची आठ अंगं आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. पहिली दोन निव्वळ वागणुकीची. खोटं बोलू नका, चोरी करू नका, हाव धरू नका, स्वच्छ रहा, समाधानी रहा. आसन येतं तिसऱ्या नंबरावर. आज मात्र योग म्हटलं की चटई आणि आसन एवढंच दिसतं, पहिल्या दोन पायऱ्या कुणी विचारत नाही.

शेख महंमदांनी हा विचार मराठी माणसाच्या ओवीत ओतला, आणि ओतताना स्वतःची ओळख लपवली नाही. ते स्वतःला अविंध म्हणवतात. म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, अर्थात मुसलमान. हा शब्द तेव्हा हिणवायला वापरला जायचा. त्यांनी तो उचलून आपल्या नावापुढे लावला.

त्यांचा दुसरा ग्रंथ ‘पवनविजय’. पवन म्हणजे इथे श्वास. ही स्वरोदयाची विद्या आहे, आणि तिचं मूळ म्हणणं साधं. डाव्या नाकपुडीचा श्वास म्हणजे इडा, चंद्राची नाडी. उजवीचा म्हणजे पिंगला, सूर्याची. दोन्ही समान चालले की सुषुम्ना. कोणता श्वास चालू असताना कोणतं काम करावं, याचा हिशेब ही विद्या मांडते. तो हिशेब आज कुणी जसाच्या तसा मानावा असं मी म्हणणार नाही, त्यात शकुन-अपशकुनाचा भाग बराच आहे. पण श्वासावर लक्ष ठेवणं आपल्याला परकं नाही. सूफींच्या जिक्रमध्ये ‘पास-ए-अनफास’ आहे, म्हणजे प्रत्येक श्वासाची राखण. ‘हब्स-ए-दम’ही आहे, म्हणजे श्वास रोखून केलेला जिक्र.

योग आणि आयुर्वेद एकमेकांना भेटतात तेही इथेच, वायूपाशी. शरीरात पाच वायू मानले आहेत : प्राण, अपान, व्यान, उदान, समान. योगी त्यांच्याकडे साधनेसाठी बघतो, वैद्य आजारासाठी. आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे तीन दोष. त्यांचा तोल गेला की दुखणं. आपल्या हकीमसाहेबांचा युनानी हिशेब चारांचा आहे : दम, बलगम, सफरा, सौदा. मोजणी वेगळी, पण दोघांचंही म्हणणं एकच : तोल सांभाळा, आणि औषधाआधी खाण्याकडे बघा. आमच्या घरांत खोकला आला की आजी आजही बलगम म्हणते आणि त्याच दमात अद्रक पित्त वाढवतं असंही बजावते. दोन्ही शास्त्रं तिच्या एका वाक्यात नांदतात.

शेख महंमद मवाळ नव्हते. ढोंगी गुरू, शेंदूर फासलेले दगड, नवसाला कापली जाणारी जनावरं, यावर त्यांनी कडक लिहिलंय. दिखाऊ धार्मिकतेला त्यांनी कुठल्याच बाजूला सोडलं नाही, मुसलमानांनाही नाही. असा माणूस दोन्हीकडच्यांना अडचणीचा असतो. तरी लोकांनी त्यांना आपलं केलं. ज्ञानेश्वरांचा वारसा एकनाथांकडे, नामदेवांचा तुकारामांकडे आणि कबीरांचा शेख महंमदांकडे, अशी जोडी महाराष्ट्राने लावून टाकली. रामदासांच्या नावावर त्यांची स्तुती करणारी रचना आहे. मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे आजोबा, त्यांना मानत. त्यांनी बाबांना श्रीगोंद्यात मठासाठी जागा दिली. मालोजींनी मुलांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्यावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही आठवण तर सर्वांना माहीत असते.

एक कथाही सांगतात. श्रीगोंद्यात बसलेले असताना बाबांनी एकाएकी हात चोळले आणि तळवे काळे झाले. विचारलं तर म्हणाले, देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मांडवाला आग लागली होती, ती विझवली. कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण अठराव्या शतकात महिपतींनी ती ‘भक्तविजया’त लिहून ठेवली, यावरून वारकऱ्यांच्या मनात या मुसलमान बुजुर्गाची जागा कोणती होती ते कळतं.

दरवर्षी २१ जून जवळ आला की पालकांचा एक प्रश्न मला हमखास येतो. सर, मुलांनी योग केला तर चालेल का? कुणी सूर्यनमस्काराबद्दल विचारतं, कुणी ओंकाराबद्दल. शंका खरी असते, तिची टिंगल करू नये. कुठला भाग व्यायामाचा आणि कुठला इबादतीचा, हे प्रत्येक घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. ज्या मुलाला काही शब्द म्हणायचे नसतील त्याच्यावर शाळेनेही जबरदस्ती करू नये. मी एवढंच सांगतो की शिकणं वेगळं आणि धर्म बदलणं वेगळं. शेख महंमदांनी योग शिकून, लिहून, शिकवून दाखवला आणि नाव शेवटपर्यंत शेख महंमदच ठेवलं. ना त्यांनी सिलसिला सोडला, ना पीर बदलले.

श्रीगोंद्यात त्यांच्या कबरीवर चादर चढते आणि तिथेच कीर्तनही होतं. कुणी तिला दर्गा म्हणतं, कुणी समाधी. अलीकडे याच दोन शब्दांवरून तिथे वाद पेटलाय आणि गाव त्यात ओढलं गेलंय. जागेचं काय ते कायदा बघेल. ग्रंथाचं मात्र सोपं आहे. वा. सी. बेंद्रे यांनी ‘योगसंग्राम’ १९५९ साली संपादून छापला, आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिताना शेख महंमदांना मानाची जागा दिली. भाषा पावणेचारशे वर्षांपूर्वीची आहे, पहिली दहा-वीस पानं जड जातात. पण ज्या घरात उर्दूही कळते आणि मराठीही, त्या घराला हा ग्रंथ इतरांपेक्षा लवकर उलगडतो, कारण त्यातला नफ्सही ओळखीचा असतो आणि प्राणही.