मी कोण? : संत इग्नाशिअस लोयोला



आपले समाधान कशाच्या आधारावर उभे आहे, हे आधार मोडल्यावरच कळते. संत इग्नाशिअस यांच्या बाबतीत तसेच घडले.

१४९१ च्या सुमारास स्पेनच्या बास्क प्रांतात, एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत फ्रेंचांच्या तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसले नाही, म्हणून पुन्हा मोडून बसवावे लागले. तरी गुडघ्याखाली उंचवटा राहिला. त्यावर घट्ट दरबारी बूट शोभणार नाही, म्हणून भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात त्यांनी ते हाड कापून घेतले! देखणा सरदार हीच त्यांची ओळख होती. तिच्यासाठी कोणतीही वेदना त्यांना चालणार होती.

अंथरुणावर ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली आणि मन पालटले. १५२२ मध्ये मोन्सेरातच्या पवित्र मरियेच्या वेदीपाशी तलवार ठेवून ते मान्रेसाला गेले.

पण तिथे शांती मिळाली नाही. केस-नखे वाढवली, कडक उपवास केले, रोज सात तास प्रार्थना केली. तरी पापनिवेदनात काहीतरी सांगायचे राहिले, ही शंका त्यांना पोखरत राहिली. जीव देण्याचे विचारही आले. असे का व्हावे? आम्हाला वाटते, सरदार जाऊन तिथे तपस्वी आला, पण मोजपट्टी तीच राहिली : मी किती मिळवले? त्यांनी आपली अवस्था पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना सांगितली. पुढे जुनी पापे उकरणे त्यांनी थांबवले. ही सुटका देवाच्या दयेने झाली, हे उमगले आणि मन स्थिरावले. मग त्यांनी केस-नखेही कापली.

१५४० मध्ये त्यांच्या येशूसंघाला पोपमहोदयांची मान्यता मिळाली. १५४८ मध्ये त्यांनीच फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून उपवास व देहदंड कमी करण्यास सांगितले. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. पाय शेवटपर्यंत अधूच राहिला, पण त्याचे दुःख उरले नव्हते.

आपणही कधी रूपावर, कधी पगारावर, कधी मुलांच्या गुणांवर, तर कधी आपल्या धार्मिकतेवर स्वतःची किंमत ठरवतो. ती किंमत घसरली की झोप उडते. आपण प्रथम देवाची लेकरे आहोत. ही ओळख कमवावी लागत नाही, म्हणून ती हिरावलीही जात नाही. आणि मन फारच खचले, तर इग्नाशिअसप्रमाणे ते कोणाजवळ तरी बोलू या. धर्मगुरूंकडे जाऊ या, डॉक्टरांकडेही जाऊ या. त्यात कमीपणा नाही.