विश्लेषण : संततिनियमनासाठी प्राध्यापकी सोडणारे र. धों. कर्वे कोण होते? त्यांचे काम आज कर्जत-खालापूरमध्ये कसे उपयोगी पडते?

आज गर्भनिरोधनाची साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र या विषयावर लिहिणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागत होती. त्या काळात हे काम आयुष्यभर करणारे गृहस्थ होते गणिताचे प्राध्यापक.

कोण होते रघुनाथ कर्वे?

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरुड येथे झाला. हे मुरुड दापोलीजवळचे, रायगडमधील मुरुड-जंजिरा नव्हे. स्त्रीशिक्षणाचे काम करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई यांचे निधन झाले. पुढे ते गणित शिकले, त्यासाठी फ्रान्सलाही गेले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले.

नोकरी का सोडावी लागली?

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. १९२३ मध्ये कर्वे यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मिशनरी कॉलेजच्या चालकांना हे मानवले नाही. नोकरी की प्रचार, यांपैकी एक निवडायची वेळ आली तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात साथ दिली. या दांपत्याने स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता.

खटले कशासाठी झाले?

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन यांवर ते सरळ मराठीत लिहीत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. गांधीजींचा भर ब्रह्मचर्यावर होता. कर्वे यांना तो उपाय व्यवहार्य वाटत नसे. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंडही भरावा लागला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. निकाल विरोधात गेला, तरी मासिक थांबले नाही. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, पण तो फेटाळला गेला.

भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले.

आज कोणते पर्याय आहेत?

सरकारी यंत्रणेत उपलब्ध असलेले मुख्य पर्याय असे :

- कंडोम : गर्भधारणेबरोबर लैंगिक संसर्गापासूनही संरक्षण देणारे साधन.
- माला-एन : रोज घ्यायची गोळी. रक्तदाब जास्त असल्यास किंवा बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असून अंगावर पीत असल्यास ही गोळी सहसा देत नाहीत.
- छाया : हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.
- अंतरा : दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पाळी अनियमित होऊ शकते. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात.
- कॉपर-टी : प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षे. हवी तेव्हा काढता येते. सुरुवातीला पाळीत रक्तस्राव वाढू शकतो.
- नसबंदी : कायमचा उपाय. पुरुषांची शस्त्रक्रिया बिनटाक्याची आणि स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. मात्र त्यानंतर तीन महिने कंडोम वापरून तपासणी करून घ्यावी लागते.

कर्जत-खालापूरमध्ये निवड कशी करावी?

सगळ्यांना चालेल असे एकच साधन नाही. पावसाळा संपला की वाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. गोळीचे पाकीट संपले की भट्टीवर नवीन मिळेलच असे नाही. अशा वेळी कॉपर-टी सोयीची ठरू शकते, पण अंगात रक्त कमी असेल तर आधी तपासणी हवी. अंतरा घेतले असेल तर पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि ते कार्ड सोबत न्यावे. खोपोली पट्ट्यात पाळीने काम करणाऱ्यांना गोळीची रोजची वेळ सांभाळणे अवघड जाऊ शकते. मूल पुढे हवे असेल, तर नसबंदीचा विचारच करू नये.

सुरुवात गावातील आशाताईंपासून करता येते. पुढे जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे तीन प्रश्न जरूर विचारा : मला असलेल्या आजारात हे चालेल का? त्रास झाला तर कुठे यायचे? बंद कसे करायचे? उत्तर पटले नाही, तर साधन नाकारण्याचा किंवा बदलून मागण्याचा हक्क तुमचा आहे. नवऱ्याची किंवा सासूची इच्छा हे त्यावरचे उत्तर नव्हे. मूल कधी हवे, हे स्त्रीला ठरवता यावे यासाठीच कर्वे यांनी नोकरी सोडली होती.